दोन फुल्या शेजारी शेजारी

मागाच्या खोलीत चपला घालून कोणी येत नाही. हा नियम माझ्या सासूच्याही आधीपासून आहे. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, जमीन त्याच्या मांडीला लागते आणि त्या जमिनीवर रेशीम पसरलेलं असतं. चार वर्षांच्या पोराला हे कळतं. माझ्या पोराला अडतिसाव्या वर्षी कळेनासं झालं. त्या रविवारी सकाळी हेमराज चपलांसकट आत आला, ताण्याच्या पलीकडे उभा राहिला आणि मी काय बोलायचं ते मला शिकवायला लागला.

"दुपारी बोकारे सर येतील. ते विचारतील, हे काम घरात कोण करत होतं. तू सांगायचं, हेमराज करत होता. दोन वर्षं रोज सकाळी मी कॉम्प्युटरवर बसलेला तुला दिसायचा. एवढंच."

"आणखी?"

"मीनलबद्दल विचारलंच, तर ती माझे कागद बघून उतरवायची, असं सांग."

मी बाण्याच्या धाग्यानं कांडी भरत होते. हात थांबवला नाही.

"चपला," मी म्हटलं.

त्यानं खाली पाहिलं. काढल्या नाहीत. "लक्षात राहील ना?" एवढं विचारून तसाच बाहेर गेला. मी उठून त्याच्या मागची जमीन ओल्या फडक्यानं पुसली. त्याच्या बापानं जिवंत असताना असं केलं असतं तर त्यालाही मी बोलले असते, आणि तो पुण्यात शिकून आला नव्हता.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आमचं घर नागपूरला गोळीबार चौकाच्या मागे. आम्ही कोष्टी, आडनाव निनावे. करवती काठाची साडी आमच्या हातची, आणि काठावरची नक्षी म्हणाल तर त्या गल्लीत माझ्या तोडीचं कोणी नव्हतं. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी ते कधी सांगितलं नाही. शाळा म्हणाल तर चौथी. त्यातली चौथी अर्धीच.

हेमराज एकुलता एक. गणितात हुशार निघाला, विद्यापीठात मास्तर झाला आणि बायकोही गणितातलीच करून आणली. मीनल. यवतमाळची. एका कॉलेजात शिकवायची आणि डॉक्टर व्हायचं म्हणून सहा वर्षांपासून काहीतरी लिहीत बसायची. त्या डॉक्टरकीनं कोणाचा ताप उतरत नाही, हे मला लग्नानंतर महिन्याभरानं कळलं.

ती मला आवडायची असं कोणी समजू नये. भाजीला फोडणी देऊन ही बाई कागदाकडे जायची आणि मोहरी जळाल्याचा वास मला सांगावा लागायचा. विचारलं तर उत्तर द्यायला इतका वेळ लावायची की मी दुसऱ्या कामाला लागलेली असायची. भांडायची पण नाही. ज्या सुनेशी भांडता येत नाही तिच्यासोबत घर चालवणं म्हणजे भिंतीला टेकून दळण दळणं.

एकदा दोघी तांदूळ निवडत होतो तेव्हा मी विचारलं, बाई, तू लिहून काय राहिली एवढं? तिनं सांगायचा प्रयत्न केला. अक्षरांच्या राशी असतात म्हणाली, त्यांना बहुपदी म्हणतात. अशा बहुपद्यांचं एक घर असतं, त्याला आयडियल म्हणतात. त्या घरातल्या कोणालाही बाहेरच्या कशानंही गुणलं तरी उत्तर घरातच पडतं, बाहेर जात नाही.

"म्हणजे सासर," मी म्हटलं.

तिला हसू आलं, पण दाबलं. मग म्हणाली, त्या घरात एका अक्षराच्या जागी दुसरी राशी बसवायची असते. आधी बसवून मग सगळं आवरलं, आणि आधी आवरून मग बसवलं, तर दोन्हीकडून एकच उत्तर येतं का, हे ती शोधत होती.

मी म्हटलं, यात शोधायचं काय? सूत रंगवून विणलं आणि विणून मग रंगवलं, साडी एकच येते का? नाही येत.

"कधी कधी येते, आई. कधी येते तेच शोधते आहे."

"एकरंगी असली तर येते."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी भातात दोन खडे निघाले. तेही मी बोलून दाखवलं.

तर भांडण असं होतं. हेमराजचा एक लेख बाहेरदेशच्या मासिकात छापून आला. त्याच्या एकट्याच्या नावानं. त्याच्या जोरावर त्याला वरची जागा मिळणार होती. मीनलनं तो लेख पाहिला आणि विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे बोकारे सरांना, चिठ्ठी दिली की हे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे, फक्त अक्षरं बदलली आहेत. हेमराजनं उलट चिठ्ठी दिली की प्रकरणच माझ्या कामावरून चोरलं आहे आणि अक्षरं तिनं बदलली आहेत. दोघांचा कॉम्प्युटर एकच, कपाट एक, घर एक. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, याला पुरावा नाही. बोकारे सरांनी हेमराजचं खरं धरलं असतं तर मीनलची सहा वर्षं गेली असती, डॉक्टरकी गेली असती, आणि चोर म्हटलेल्या बाईला कोणतं कॉलेज ठेवतं? गेले नऊ दिवस दोघं एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हती. मीठ पाहिजे तर माझ्याकडून मागायची.

आणि मी काय करणार होते, ते पण लिहून टाकते. मी हेमराजनं शिकवलेलं वाक्य बोलणार होते. तो सकाळी कॉम्प्युटरवर बसायचा, हे खरंच होतं. मीनल दुपारी बसायची, हेही खरं होतं. त्या पडद्यावर कोण काय करतं ते मला काय ठाऊक. पोटचा पोर एकीकडे आणि मोहरी जाळणारी बाई दुसरीकडे. यात मला विचार करायला फार वेळ लागला नाही.

बोकारे सर तीन वाजता आले. वाळकेसे, पांढऱ्या शर्टाचे, बोलताना चष्मा काढून हातात घेणारे. त्यांनी बाहेर चपला काढल्या, नीट जोडीनं लावल्या. माणूस मला तिथंच अर्धा पसंत पडला. ते दिवाणावर बसले, हेमराज खुर्चीवर, मीनल दाराशी उभी. मी खाली चटईवर. सर म्हणाले, हे कागदोपत्री करायच्या आधी मला घरात येऊन बोलायचं होतं, कारण एकदा कागदावर गेलं की दोघांपैकी एक जण संपतो.

मग त्यांनी पिशवीतून दोन गठ्ठे काढले आणि दिवाणावर शेजारी शेजारी उघडे ठेवले. म्हणाले, सगळं एकसारखं आहे, ओळीला ओळ. एकाचा एक्स आहे तिथं दुसऱ्याचा वाय, आणि वाय आहे तिथं एक्स. उरलेली अक्षरं तीच.

"आणि अदलाबदल दोन्ही बाजूंनी सारखीच असते, सर," हेमराज म्हणाला. "तिच्यावरून माझं बनतं, तसंच माझ्यावरून तिचं. गणित कोणाची बाजू घेणार नाही. म्हणून घरातल्या माणसाला विचारा म्हणतो मी."

सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी मीनलला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? ती नेहमीसारखी उत्तर द्यायला वेळ लावत होती. तेवढ्यात मी चहा आणायला उठले.

चहाचे कप दिवाणाच्या कडेला ठेवताना मी वाकले, तेव्हा ते कागद मला पहिल्यांदा वरून दिसले.

मला इंग्रजी अक्षर येत नाही. म्हणूनच दिसलं असेल. ज्याला वाचता येतं तो वाचतो. मी पाहिलं. मीनलच्या कागदावर फुली होती तिथं हेमराजच्या कागदावर शेपटीवालं अक्षर होतं, आणि शेपटीवालं होतं तिथं फुली. लाल-हिरवा काठ आणि हिरवा-लाल काठ. नक्षी तीच. सरांनी पानं उलटली, तेव्हाही तसंच. कप ठेवून झाले तरी मी उठले नाही.

"काकू, तुम्ही बसा ना," सर म्हणाले. "तुम्हाला एकच प्रश्न आहे."

"आधी ती मागची पानं दाखवा."

हेमराज हसला. "आई, ते कोष्टक आहे नुसतं. तुला काय कळणार त्यात?"

"तुले कळते ना? मग भिऊन कायले राहिला?"

सरांनी मागचं पान काढलं. दोन्ही गठ्ठ्यांत ते शेवटी होतं, वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांनी भरलेलं. सर म्हणाले, ही नुसती उत्तरांची यादी आहे, कॉम्प्युटरनं काढलेली, हे कोणी वाचत नाही. मी मीनलच्या पानावर बोट ठेवलं. फुल्या होत्या, शेपटीवाले होते, मधे मधे काडीवालं एक अक्षर. मग हेमराजच्या पानावर बोट ठेवलं. फुल्या होत्या. काडीवालं होतं.

माझं बोट वरून खाली आलं, परत वर गेलं. आणि मला इतवारी बाजारातला तो व्यापारी आठवला.

लग्नानंतर सहाव्या वर्षी मी पोपटवेलीचा काठ काढला होता. लाल पोपट, हिरवी वेल. दोन महिन्यांत तोच काठ एका व्यापाऱ्याच्या दुकानात टांगलेला दिसला, पण सगळा हिरवा. पोपट कुठे आणि वेल कुठे, कळेना. मला पाहताक्षणीच कळलं की यानं कारागिराला रंग अदलाबदल करायला सांगितले आहेत, आणि कारागिरानं आधी हिरव्याचा लाल केला आणि मग जिथं जिथं लाल दिसला तिथं तिथं हिरवा घातला. पहिल्या फेरीत सगळं लाल झालं, दुसऱ्या फेरीत सगळं हिरवं. आमच्या घरी असं करत नाहीत. दोन रंग अदलाबदल करायचे तर आधी लालाच्या जागी कोरा धागा धरायचा. मग हिरव्याच्या जागी लाल. मग कोऱ्याच्या जागी हिरवा. तीन फेऱ्या. हेमराजला हे मी मागाजवळ बसवून शिकवलं होतं, पाढ्यांच्या आधी.

व्यापारी विणकरांच्या सोसायटीत ओरडला की काठ माझा आहे, निनाव्यांनी चोरला. मी नवऱ्याला घरून शिकवून पाठवलं, आणि त्यानं सभेत तेच विचारलं, की तुझ्या हिरव्या काठावरून आमचा लाल-हिरवा विणून दाखव. यातला कोणता हिरवा आधी लाल होता ते सांग. व्यापाऱ्याला सांगता आलं नाही. काठ आमचा ठरला. सोसायटीच्या वहीत तो नवऱ्याच्या नावानं लिहिला गेला. त्या वहीत बायांची नावं नव्हती.

"सर," मी म्हटलं, "ह्या पानावरचे शेपटीवाले कुठी गेले?"

 सरांनी चष्मा घातला.

"बाकीच्या पानांवर यानं हातानं बदललं असंल, नीट आहे. हे पान मोठं होतं, म्हणून कंटाळा केला. आधी फुलीची शेपटी केली, मग दिसंल त्या शेपटीची फुली केली. दोन फेऱ्यांत उरकलं. मधे कोरा धागा धरला नाही. सगळ्या फुल्याच झाल्या. हे पाहा, इथं दोन फुल्या शेजारी शेजारी."

सर वाकले. त्यांनी ती ओळ वाचली, मग पुढची, मग पुढची. मीनल दाराशीच होती, पण आता तिचा हात चौकटीवर होता.

"टायपिंगची चूक आहे, सर," हेमराज म्हणाला. "शेवटच्या पानाला काय महत्त्व आहे?"

सर त्याच्याकडे न बघता बोलले. "हेमराज, इथे एक्सवर्ग लिहिलं आहे आणि त्याला चिकटून पुन्हा एक्स. अशा वीसेक जागा आहेत. ज्यानं हे गणित केलं तो एक्सघन लिहील. कॉम्प्युटरही एक्सघनच लिहील. एक्सवर्ग एक्स असं कोणीच लिहीत नाही, मुळात तिथं दुसरं अक्षर असल्याशिवाय." त्यांनी मीनलचं पान जवळ ओढलं. "आणि इथे दुसरं अक्षर आहे."

"तिनं माझ्यावरून उतरवून दुरुस्त केलं असेल."

"कसं?" हे मीनल बोलली. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती, आणि या वेळी तिनं अजिबात वेळ लावला नाही. "तुझ्या पानावर सगळे एक्सच आहेत. त्यातले वाय कोणते, हे तुझ्या पानावरून मला कसं कळलं असेल? सांग ना."

हेमराजनं चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

सरांनी दोन्ही गठ्ठे पिशवीत घातले. मला म्हणाले, "काकू, मी तुम्हाला एक विचारणार होतो. अजून विचारू?"

"तो सकाळी बसायचा," मी म्हटलं. "हे खरं आहे. काय करत बसायचा ते आता तुम्हीच पाहिलं."

जाताना दारात ते थांबले.  विद्यापीठाला उद्याच लिहीन, एवढं मीनलला सांगून गेले.

सर गेल्यावर मीनल माझ्या पायाशी वाकली. मी पाय मागे घेतले.

"ऊठ. तुझ्यासाठी नाही केलं. पान खोटं होतं म्हणून सांगितलं. तुझं खोटं असतं तर तुझंही सांगितलं असतं, अन् जास्त खुशीनं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. उठली, आणि कप उचलून आत गेली. तिची आणि माझी तेवढी एकच ओळख खरी.

मी मागाच्या खोलीत आले. सकाळची कांडी अर्धी राहिली होती. पाचेक मिनिटांनी हेमराज दारात आला. या वेळी चपला बाहेर काढल्या होत्या. माझ्यासमोर खाली बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि पुण्याची भाषा गळून पडली.

"आई, तू माह्यी माय होय का तिची?"

मी कांडीवरचा धागा सोडवत होते.

"बाहेरच्या माणसासमोर? एक शब्द बोलायचा होता तुले. माह्यी नोकरी जाईल आता. काम घरातच होतं ना? तिचं काय अन् माह्यं काय. बाबांनी काय केलं आयुष्यभर? तुह्या साड्या त्यांच्या नावानं गेल्या. पोपटवेल त्यांच्या नावानं. सोसायटीनं शाल दिली ती त्यांच्या खांद्यावर टाकली. तू कधी बोलली? तेव्हा तुले न्याय नाही सुचला?"

हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात हे फक्त मलाच ठाऊक आहे. धागा हातात तुटला. मी गाठ मारायला घेतली आणि ती तीन वेळा सुटली. चौथ्यांदा बसली. आत मीनल भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

हेमराज वाट पाहत होता. त्याला वाटलं, मी रडेन.

मी कांडी खाली ठेवली आणि त्याला सांगितलं.

"तुह्या बापानं माह्या नक्षीवर आपलं नाव टाकलं. मी बोलली नाही, ते माह्यं चुकलं, अन् ते मी माह्यासोबत नेईन. पण सभेत जायच्या आधी तो माह्याजवळ येऊन बसायचा, अन् मले नावानं हाक मारून विचारायचा, की तान्हा, आता काय बोलू. काम कोणाचं हे त्याले ठाऊक होतं, अन् तो ते माह्यापासून लपवत नव्हता. मले चोरटी म्हणून चारचौघांत उभी नाही केली त्यानं. तू बायकोचं घेतलं. घेतलं ते घेतलं, वरतून तिलेच चोर केलं. अन् साक्ष द्याले आपल्या मायले शिकवून ठेवलं. तू बापावर गेला असता तर मी आजही गप्प राहिली असती, हेमराज. तू त्याच्याही खालचा निघाला. ऊठ. जाय, चपला घाल, अन् आता घालूनच राहा. या घरात अनवाणी फिरते ते घरचं माणूस."